ग्रंथपालाचं मत, वाचकाचा हक्क

भाविक ग्रंथपालाकडे कुणी निरीश्वरवादावरचं पुस्तक मागितलं किंवा नास्तिक ग्रंथपालाकडे ‘गुरुचरित्र’ मागितलं, तर ते सारख्याच तत्परतेने मिळायला हवं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार ग्रंथपालाच्या धारणा वाचकाच्या आड येता कामा नयेत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरं सूत्रही प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, असंच सांगतं. हा आग्रह नुसत्या सौजन्याचा नाही. ग्रंथपालाचा नकार सहसा उघड नसतोच. ‘ते बाहेर गेलंय’ एवढं म्हटलं की भागतं. पुस्तक मागच्या कपाटात पडून राहतं. खरेदीच्या यादीतून एखादं नाव गळतं. कपाळावरची आठी पाहूनच बुजरा वाचक पुन्हा विचारत नाही. ज्या नकाराचा पत्ताच लागत नाही, त्याविरुद्ध वाचकाने दाद कुठे मागायची? म्हणून संयम ग्रंथपालानेच पाळायला हवा.

अशी अलिप्तता म्हणजे जबाबदारी झटकणं, असा आक्षेप घेतला जातो. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट हॉप्टमन यांनी अमेरिकेतल्या १३ ग्रंथालयांत घर उडवू शकेल अशा बॉम्बची माहिती मागून पाहिली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नैतिक कारण देऊन कुणीही नकार दिला नव्हता. त्यांची चिंता रास्तच आहे. पण कुणाच्या जिवावर बेतणार हे दिसत असताना ते रोखणं हे कुणाही नागरिकाचं कर्तव्य असतं. न पटणारा विचार दडपायची मुभा त्यातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९६१ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगलू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात वाचत बसले, म्हणून त्यांना अटक झाली. अशा वेळी ‘आम्ही तटस्थ’ म्हणणं ही अन्यायाला साथच ठरते. मात्र दारातच माणसं निवडणारं ते ग्रंथालय मुळात तटस्थ नव्हतं. सर्वांना सारखी सेवा देणं हे ज्याचं कर्तव्य, त्याने अशा नियमाविरुद्ध बोललंच पाहिजे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि तो पैसा सगळ्या मतांच्या लोकांचा असतो. म्हणून ग्रंथनिवडीचं धोरण लेखी असावं, नकार द्यायचाच तर कारण लिहून द्यावं. ग्रंथपालाने सभेत बोलावं, लेख लिहावा, मोर्चात जावं. देवघेवीच्या टेबलाशी मात्र निवड वाचकाचीच चालली पाहिजे.