छत्तीसचा तुकाराम, त्रेसष्टचा तुकाराम

‘संत तुकाराम’ म्हटलं की मराठी माणसाला प्रभातचा सिनेमा आठवतो. साल १९३६, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. बेळगाव-निपाणीकडे मात्र हेच नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर डॉ. राजकुमार उभे राहिले तर नवल नाही. कारण ‘संत तुकाराम’ कन्नडमध्येही आहे, १९६३ चा, आणि त्यात तुकाराम झालेत राजकुमार. नाव तेच, सालातले शेवटचे दोन आकडे तेवढे उलटे. छत्तीस आणि त्रेसष्ट! सीमाभागातल्या एखाद्या घरात हे दोघे एकाच हार्डडिस्कवर गुण्यागोविंदाने नांदू शकतात. पंचाईत होते ती सगळे सिनेमे पोस्टरसकट नीट मांडायला घेतल्यावर.

असं मांडून देणारी सॉफ्टवेअर आता फुकट मिळतात. जेलीफिन हे त्यातलं एक. डिसेंबर २०१८ मध्ये ‘एम्बी’ या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं. अडगळीतल्या जुन्या लॅपटॉपवर ते टाकायचं आणि विकत घेतलेल्या डीव्हीडींच्या फायली, कॅसेटवरून उतरवून घेतलेली गाणी, लग्नाचं शूटिंग, सगळं त्याच्या हवाली करायचं. मग घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर हवं ते लावता येतं. आत सेटिंगांचा नुसता ढीग आहे. तरी पहिल्यांदा उघडल्यावर समोर येतात जेमतेम पाच-सहा पानं: भाषा, नाव आणि पासवर्ड, फोल्डर, सिनेमांची माहिती कुठल्या भाषेत हवी, बाहेरून जोडणी हवी का. झालं! याला म्हणतात सेटअप विझार्ड. मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये ‘पब्लिशर’मध्ये ‘पेज विझार्ड’ आणले आणि पुढे विंडोज ९५ च्या काळात हा प्रकार घरोघरी पोचला.

विझार्ड काय विचारतो यापेक्षा काय विचारत नाही, याची मला जास्त गंमत वाटते. हॉलमधल्या टीव्हीला आतल्या खोलीतला लॅपटॉप सापडतो कसा? टीव्हीवरचं अॅप घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून एक संदेश सोडतं, इंग्रजीत आणि अक्षरशः या शब्दांत: ‘हू इज जेलीफिनसर्व्हर?’ वाड्याच्या दारात उभं राहून ‘घरात कोण आहे का?’ अशी हाक मारावी, तसं. प्रिंटर ढिम्म, मोबाइल ढिम्म. फक्त तो लॅपटॉप ७३५९ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसलेला असतो. तो उत्तर देतो: मी इथे आहे, हा माझा पत्ता. आपण रिमोट हातात घेऊन सोफ्यावर टेकेपर्यंत हे सवालजवाब उरकलेलेसुद्धा असतात.

यंत्राला स्वतः शोधता येईल ते माणसाला विचारायचं नाही, आणि जे फक्त घरच्या माणसालाच ठाऊक आहे ते विचारल्याशिवाय राहायचं नाही. चांगला विझार्ड या दोन गोष्टी सांभाळतो. जेलीफिन पहिली बरीच सांभाळतं. दुसरीत अडखळतं.

फोल्डरचं पान बघा. मोबाइलवरून सेटअप करायला बसलेला नवखा माणूस ‘फोल्डर निवडा’ म्हटल्यावर आपल्या मोबाइलमधलं ‘डाउनलोड्स’ शोधायला लागतो. दिसतात मात्र भलतीच नावं, कारण ती यादी त्या लॅपटॉपच्या डिस्कची असते. पान हे ठणकावून सांगत नाही. लिनक्स असेल तर आणखी एक मेख: फोल्डर बरोबर निवडला, पण जेलीफिनला तो वाचायची परवानगीच नसली, तर सेटअप सुरळीत पार पडतो आणि शेवटी यादी रिकामी दिसते. माझ्या हातात असतं तर फोल्डर निवडताक्षणी तिथे एक ओळ आणली असती, ‘इथे इतके व्हिडिओ सापडले’. आकडा शून्य आला की माणूस तिथेच थांबेल, शेवटपर्यंत जाऊन डोक्याला हात लावणार नाही.

आता आपले दोन तुकाराम. सॉफ्टवेअर सिनेमा बघत नाही, फाइलचं आणि फोल्डरचं नाव वाचतं, आणि ते घेऊन ‘द मूव्ही डेटाबेस’सारख्या लोकांनीच भरलेल्या साठ्यात शोधतं. नुसतं ‘संत तुकाराम’ लिहिलंत तर पागनीसांच्या सिनेमाला राजकुमारांचं पोस्टर लागू शकतं. नावापुढे कंसात साल घातलं की निवाडा सोपा होतो. साल मात्र इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं बरं. ‘श्यामची आई’चंही तेच: एक १९५३ चा, एक २०२३ चा. लग्नाच्या शूटिंगसाठी ‘घरचे व्हिडिओ’ हा वेगळा प्रकार निवडायचा, नाहीतर मामाच्या लग्नाला कुठल्या तरी सिनेमाचं पोस्टर चिकटायचं.

भाषेच्या पानावर तर सीमाभागाची खरी परीक्षा आहे. सिनेमांची माहिती कुठल्या भाषेत आणायची? उत्तर एकच देता येतं. विझार्ड रचणाऱ्याने एका घराची एकच भाषा गृहीत धरली आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड, टीव्हीवर हिंदी, असं घर त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं. वाट आहे, पण लायब्ररीच्या सेटिंगांत दडलेली: ‘मराठी सिनेमे’ आणि ‘कन्नड सिनेमे’ अशा दोन लायब्ऱ्या करायच्या आणि प्रत्येकीला वेगळी भाषा द्यायची. भाषेच्या पानावर देशही विचारतात. राज्य नाही! २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा विझार्डला पत्ताच नाही. पुण्यातला मराठी आणि निपाणीतला मराठी त्याला सारखाच.

गाण्यांची मात्र अशी वाटणी करू नका. भीमसेन जोशी गदगचे, त्यांची संतवाणी मराठीत आणि दासवाणी कन्नडमध्ये; भाषेप्रमाणे लायब्ऱ्या केल्या तर एकाच गळ्याचे दोन तुकडे होतात. शिवाय गाण्यांची ओळख मुख्यतः फाइलच्या पोटातल्या टॅगवरून पटते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व एका टॅगमध्ये ‘पं.’ लावून, दुसऱ्यात न लावता आणि तिसऱ्यात रोमन लिपीत असले, की यादीत तीन वेगवेगळे गायक दिसतात. हे विझार्ड सांगत नाही, आणि सांगूही नये. पहिल्याच दिवशी एवढं ऐकून माणूस पळून जाईल.

एक गोष्ट मात्र त्याने पहिल्या पानावरच सांगायला हवी: मला अर्धवट सोडून उठू नका. सेटअप पुरा होईपर्यंत जेलीफिनला मालक ठाऊक नसतो. वायफायवरचा कुणीही ते पान उघडून स्वतःचं नाव-पासवर्ड टाकू शकतो. शेवटचं बटण दाबलं की सेटिंगच्या फाइलीत एका ओळीतलं ‘फॉल्स’ जाऊन ‘ट्रू’ येतं आणि ही पानं मिटतात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असेल तर तीच ओळ हाताने ‘फॉल्स’ करून जेलीफिन बंद करून चालू करायचं.