जागच्या जागी चढलेला घाट

जानेवारीत पुण्याकडे सूर्य उगवतो तो सातनंतर. चाकणच्या बऱ्याच कारखान्यांत फर्स्ट शिफ्ट त्याच सुमाराला सुरू होते, काही ठिकाणी त्याआधीच. निगडी, चिखली, मोशी, भोसरीच्या थांब्यांवर कंपनीच्या बसगाड्या त्याहून तास-दीड तास अगोदर येतात. फर्स्ट शिफ्टच्या माणसाला सायकल चालवायची तर पहाटे चारला निघावं लागतं, तेही काळोखात, नाशिक महामार्गावरच्या कंटेनर-ट्रेलरच्या बाजूनं. जनरल शिफ्टवाला घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, कारण डिसेंबरात सहालाच दिवस मावळतो. नाईट करून आलेल्याला ऊन मिळतं, पण अंगात त्राण उरलेलं नसतं. आणि नेमका हाच सायकलींचा हंगाम!

युरोपात सायकलपटू हिवाळ्यात आत शिरतात ते बर्फामुळे. आपल्याकडे थंडी म्हणजे रस्त्यावर उतरायचे दिवस. पाऊस संपलेला, हवा कोरडी, दुपारीसुद्धा सोसवेल असं ऊन. ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचं, म्हणजे ब्रेवेंचं किंवा बीआरएमचं, वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. चारही एकाच वर्षात पुरे केले की ‘सुपर रॅन्डोनियर’ हा किताब. पुणे ते गोवा अशी सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगरही पावसाळा सरल्यावरच होते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय मानांकनाची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली, ४३७ किलोमीटरची, आणि तिच्या निमित्तानं परदेशी संघ इथल्या रस्त्यांवर आणि घाटांत धावताना लोकांनी पाहिले. हंगाम असा भरात असताना पिंपरी-चिंचवडचे सायकलवाले सोमवार ते शुक्रवार जिमच्या आरशासमोर पेडल मारत असतात. त्यांना आत आणलंय ते शिफ्टनं, रहदारीनं आणि हवेनं.

हवेचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसलेला असतो. त्यामुळे खालची धूळ आणि धूर वर जात नाही. ऊन चढेपर्यंत तो तिथंच रेंगाळतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर पहाटे जे धुरकट दिसतं, त्यात धुकं किती आणि डिझेलचा धूर किती हे डोळ्यांना कळत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, जोरात सायकल मारणारा ऐंशी-शंभर लिटर. व्यायाम जितका चांगला, तितकी ती हवा जास्त आत. अशा रस्त्यावर पहाटे इंटर्व्हल मारण्यापेक्षा खोलीत मारलेले बरे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

प्राधिकरणातल्या एखाद्या जिममध्ये रात्री आठनंतर गेलं, तर सायकलवाला लगेच ओळखू येतो. तो आल्या आल्या स्पिन बाईकची सीट वर ओढतो. बाकीचे लोक मागच्यानं सोडलेल्या उंचीवरच बसतात. हा आधी बाजूला उभा राहून सीट कमरेच्या हाडापाशी आणतो, मग वर बसून टाच पेडलवर ठेवतो आणि पेडल पार खाली नेतो. टाच टेकलेली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघ्यात जेमतेम वाक राहतो. सीट बोटभर खाली राहिली तरी महिनाभरात गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागते. चार महिन्यांची तयारी या बोटभर अंतरात वाया जाते, म्हणून ही दोन मिनिटं तो चुकवत नाही.

स्पिन बाईक ही सायकल दिसते, पण वागते वेगळी. तिचं जड चाक पेडलला पक्कं जोडलेलं असतं. रस्त्यावर उतार आला की पाय थांबवता येतात; इथं चाक फिरतंय तोवर पायही फिरतातच. नवखा माणूस वेगात असताना एकदम पाय थांबवायला जातो आणि पेडल त्याच्या पायाला हिसका देतं. थांबायचं असेल तर मधला नॉब खाली दाबायचा, हे पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं. सगळीकडे सांगतातच असं नाही.

ज्यांच्याकडे पैसे आहेत ते स्वतःची सायकल स्मार्ट ट्रेनरवर चढवतात. मागचं चाक काढायचं, ट्रेनरच्या कॅसेटवर चेन बसवायची, एक्सल कसायचा, पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवायचा. यंत्र चुंबकाच्या जोरावर चढ तयार करतं आणि पडद्यावर वॉट दाखवतं. हॅंडलवर आणि आडव्या नळीवर टॉवेल टाकायला मात्र विसरायचं नाही, कारण घामातलं मीठ स्टेमच्या बोल्टला गंज चढवतं. असं यंत्र चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे जातं. शॉप फ्लोअरवर कंत्राटावर काम करणाऱ्या पोराला ते परवडणारं नाही. त्याच्यासाठी महिन्याच्या फीची जिम हाच मार्ग.

आत सायकल मारण्यातली सर्वांत मोठी अडचण कंटाळा नसून उष्णता आहे. पेडलवर २०० वॉट पोचवायचे तर शरीर आतून आठशे ते हजार वॉट खर्च करतं, कारण आपले स्नायू जेमतेम वीस-पंचवीस टक्के शक्ती कामाला लावतात. उरलेले सहाशे-आठशे वॉट म्हणजे निव्वळ उष्णता, एका छोट्या रूम हिटरइतकी. रस्त्यावर ती समोरचा वारा नेतो. खोलीत वारा नसतो, मग हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं आणि तेवढ्याच वॉटला हार्टरेट चढत जातो. म्हणून एसीपेक्षा समोर ठेवलेला मोठा पंखा उपयोगाचा. जिम निवडताना सायकलवाल्यानं पंखा आधी पाहावा, आरसे नंतर.

वीस मिनिटांची चाचणी जवळून पाहिली की या कामाचा कस कळतो. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला कुणी पस्तिशीतला गडी घ्या. पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करून तो सुरुवात करतो. पहिली चार मिनिटं सोपी जातात, आणि गफलत होते ती तिथंच. पाय ताजे असतात, आकडा २४० दाखवतो. शेजारचा जुना भिडू म्हणतो, “राख, राख. आत्ता उधळू नको.” आठव्या मिनिटाला श्वास तोंडानं सुरू होतो. बाराव्याला खांदे कानाकडे चढतात, हॅंडलवरची पकड घट्ट होते आणि हनुवटीवरून घाम थेंबाथेंबानं मॅटवर पडायला लागतो. पंधरा ते अठरा ही मिनिटं सरता सरत नाहीत. इथं केडन्स, म्हणजे पेडलचे मिनिटाला होणारे फेरे, ९० वरून ७५ वर घसरतो, आणि गियर हलका करून पाय पुन्हा फिरते ठेवणं हेच कौशल्य. शेवटची दोन मिनिटं उरलं-सुरलं सगळं. सरासरी आली २१० वॉट. त्यातले ५ टक्के वजा केले की सुमारे २०० हा त्याचा तासभर टिकणारा जोर मानतात. पुढचे दोन महिने सगळा सराव या आकड्यावर मोजून होतो.

मग येतो घाट. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची चढण आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत इथंच ‘घाटांचा राजा’ ठरत आला. तो घाट जिममध्ये असा उभा करतात: वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे, दोनशेवाल्यानं १८०-१८५ वॉट धरून, मध्ये पाच मिनिटं हलके पाय. कधी नॉब कसून केडन्स साठवर आणतात, कारण भरलेल्या बॅगा लावून घाटात पाय तेवढेच फिरतात. रस्त्यावर सिग्नल येतो, खड्डा येतो, रिक्षा आडवी येते आणि पायांना विसावा मिळत राहतो. आत अशी सवलत नसते. त्यामुळे इथला एक तास बाहेरच्या दीड तासाला भारी पडतो, असं जाणकार म्हणतात आणि ते पटण्यासारखं आहे. २०१६ मध्ये मॅथ्यू हेमन हा ऑस्ट्रेलियन सायकलपटू हात मोडल्यामुळे कित्येक आठवडे घरात ट्रेनरवरच सराव करत होता. त्यानंतर त्यानं पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत जिंकली.

तरीही जिममधली खरी कमाई सायकलवर होत नाही. ती बारबेलपाशी होते.

बहुतेक सायकलवाले वजनांच्या बाजूला फिरकत नाहीत. पाय रोज काम करतातच, आणखी लेग डे कशाला, हा त्यांचा सवाल. त्यांना एक साधी बैठक मारायला सांगा. निम्म्यावर टाचा उचलल्या जातात, पाठ गोल होते. तासन्‌तास पुढे वाकून बसल्यानं मांडीच्या मुळाशी स्नायू आखडलेले असतात आणि नितंबांचे स्नायू कामच करत नाहीत. चांगला कोच मग वजन काढून घेतो, टाचांखाली पातळ प्लेट सरकवतो आणि सांगत राहतो: टाच दाब, छाती वर, गुडघा अंगठ्याच्या रेषेत. ४०० किलोमीटरच्या ब्रेवेत रात्री दोन वाजता माणूस सोडतो तो सहसा मांड्यांमुळे नाही. कंबर धरते, मान पडते, तळहात बधिर होतात. त्याचा इलाज डेडलिफ्ट, प्लँक आणि रोइंग यांत आहे. शिवाय सायकलवर शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकलच मारणाऱ्यांची हाडं विरळ होऊ शकतात. वजन उचलणं हा त्यावरचाही उपाय.

नॉर्वेचे संशोधक बेंट रोन्नेस्टाड यांनी मुरलेल्या सायकलपटूंना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, जड वजनांचा पायांचा व्यायाम दिला. तीन तासांहून जास्त सायकल चालवून झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत जीव तोडून मारायला लावलं, तेव्हा वजनं उचलणाऱ्यांचा जोर वाढलेला दिसला. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा केलेल्या व्यायामानंही ही कमाई टिकली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. जे थोडे वजनं उचलतात, तेही पावसाळ्यात उचलतात आणि नोव्हेंबर उजाडला की सोडून देतात.

वेळापत्रक मात्र नॉर्वेचं चालणार नाही. असेंब्ली लाईनवर आठ तास उभं राहणाऱ्याचे पाय शिफ्टनंतर आधीच भरलेले असतात. त्यानं जड बैठका आठवडी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी माराव्यात. डिझाईन विभागात खुर्चीत बसणाऱ्याला आधी कंबर मोकळी करायला हवी. नाईटवाल्यानं झोप पुरी झाल्याशिवाय चाचणी देऊच नये, कारण थकलेल्या अंगाचा आकडा खोटा येतो आणि पुढचा सगळा सराव चुकतो. शिफ्ट दर आठवड्याला फिरत असेल, तर सरावाचा आठवडाही तिच्याबरोबर फिरवावा लागतो. हे गणित बसवून देणारा कोच या पट्ट्यात फार मोलाचा.

आता एक मागणी, जिमवाल्यांकडे आणि महापालिकेकडे. दुपारी बहुतेक जिमला कुलूप असतं. सेकंड आणि नाईटवाल्यांना मोकळी असते ती दुपारच. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या व्यायामशाळा वस्त्यावस्त्यांत आहेत. त्यांतल्या निवडक ठिकाणी दोन मजबूत स्पिन बाईक, एक मोठा पंखा आणि स्क्वॉट रॅक ठेवावा, आणि दारं पहाटे चारला व दुपारी बाराला उघडी राहतील असं पाहावं. कारखाने तीन पाळ्यांत चालतात, तर कामगारांच्या व्यायामशाळाही निदान दोन पाळ्यांत चालल्या पाहिजेत.