बंद यंत्राचे दिवस

सरकारी दवाखान्यात नवे यंत्र आले की फीत कापली जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. तेच यंत्र वर्षभराने चालू आहे काय, हे विचारायला मात्र कोणी जात नाही. मी चांदूर बाजारचा. रुग्णालयांतील यंत्रांच्या दुरुस्तीवर माझे पोट चालते. खरेदीपेक्षा देखभालीचा प्रश्न मोठा आहे, असे माझे मत या कामातून बनले आहे.

अतिदक्षता विभागातील खाटेभोवती मुख्यतः चार यंत्रे असतात. श्वास चालवणारा व्हेंटिलेटर. नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर. औषध मोजून सोडणारा सिरिंज पंप. आणि बिघडलेली हृदयाची लय विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारे डिफिब्रिलेटर. ही यंत्रे बहुधा एकाएकी बंद पडत नाहीत. व्हेंटिलेटरमधील ऑक्सिजन मोजणारा सेल झिजतो, तो वेळेवर बदलावा लागतो. डिफिब्रिलेटरची बॅटरी रोज तपासली नाही तर ऐनवेळी झटका बसत नाही. पंपाचे माप वरचेवर ताडून पाहिले नाही, तर पडद्यावरचा आकडा एक आणि रक्तात जाणारे औषध दुसरे. मॉनिटर ठणठणीत असतो, पण बोटाला लावायच्या चिमट्याची वायर तुटलेली असते. थोडक्या पैशांच्या भागापायी लाखांचे यंत्र कोपऱ्यात जाते.

२०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशभरातील सरकारी दवाखान्यांतील साडेसात लाखांवर यंत्रांची नोंद घेतली. तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद आढळली. त्यातूनच देखभालीचा कार्यक्रम निघाला. यंत्र किती काळ चालू राहिले पाहिजे, याची किमान मर्यादा त्यात ठरवलेली आहे: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. याचा हिशेब दिवसांत मांडा. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र वर्षातून १८ दिवस बंद चालेल, चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात ३६ दिवस, खेड्यात ७३ दिवस! जिथून अमरावतीचा अतिदक्षता विभाग चाळीसेक किलोमीटर दूर, तिथेच बंद यंत्राला सवलत जास्त. विषमता अशी पायरीपायरीने कागदावर उतरते, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर कोण उभा असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

नुसते यंत्र पाठवून भागत नाही, हे २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला दिसले. पीएम केअर्समधून आलेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी वापरात आणलेले ११३ सदोष निघाले, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे मांडले गेले. दोष यंत्राचा की हाताळणाऱ्यांचा, असा वाद झाला. वाद कोणीही जिंको, रुग्णाला श्वास मिळाला नाही तो नाहीच. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. यंत्रे, वीज आणि पहारा यांची काळजी एकत्रच घ्यावी लागते, हा त्याचा अर्थ.

या साखळीतला शेवटचा माणूस म्हणजे सफाई कामगार. सक्शनची बाटली तो धुतो, सिलिंडर तो ओढतो, यंत्र तो पुसतो. ओले फडके कोठे चालते, कोठे नाही, हे त्याला शिकवलेले मी क्वचितच पाहिले. बिघाड झाला की बोट मात्र त्याच्याकडे वळते. परिचारिकांइतकेच प्रशिक्षण त्यालाही मिळाले पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, यंत्राची गरज आहे.

कार्यकर्त्यांनी दवाखान्यात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक यंत्राला क्रमांक व नोंदवही आहे काय? शेवटची तपासणी कोणत्या तारखेची? हमी संपल्यावर देखभालीचा करार झाला काय? बिघाडाची तक्रार कधी नोंदवली आणि यंत्र कधी चालू झाले? उत्तर टाळले तर रुग्ण कल्याण समितीपुढे प्रश्न ठेवा, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. नव्या यंत्राची मागणी त्यानंतर करू. आधी असलेली यंत्रे किती दिवस बंद होती, त्याचा हिशेब हाती येऊ द्या.