नेत्रच्छदांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेतील उपद्रव व त्यांचे निवारण

वयोमानाने सैल झालेली पापण्यांची त्वचा व पुढे आलेली वसा काढून टाकण्याची क्रिया दिसण्यास अल्प असली, तरी तिचे उपद्रव दृष्टीपर्यंत पोचू शकतात. पापणी हा प्रथमतः डोळ्याचे रक्षण करणारा अवयव होय. म्हणून किती कापावे हे किती राखावयाचे यावरून ठरवावे लागते.

हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. पक्ष्मकोपात, म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्यास टोचत असता, भुवईखालचे दोन भाग व केसांलगतचा एक भाग सोडून मधला यवाकार पट्टा छेदावा, असे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितले आहे. आजचे शल्यकही भुवई व वरच्या पापणीची कड यांमध्ये सुमारे २० मि. मी. त्वचा राखतात. त्याहून बरीच कमी राहिल्यास डोळा पूर्ण मिटत नाही आणि स्वच्छमंडल कोरडे पडून त्यावर व्रण होण्याचा संभव असतो. विदर्भातील उन्हाळ्याच्या तप्त वाऱ्यात हा धोका अधिकच वाढतो. खालची पापणी सैल असल्यास थोड्या अधिक छेदानेही ती बाहेर वळते. तेथील माप रुग्णास वर पाहावयास व तोंड उघडावयास सांगून घ्यावे. अश्रूंचे प्रमाण, अवटू ग्रंथीचे विकार, रक्तदाब व ॲस्पिरिनसारखी औषधे यांची चौकशी अगोदर व्हावी. मात्र ती औषधे संबंधित चिकित्सकाच्या संमतीवाचून थांबवू नयेत.

सर्वांत भयावह उपद्रव नेत्रगोलामागील रक्तस्रावाचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत त्याचे प्रमाण सुमारे २,००० रुग्णांत एक, तर कायमच्या दृष्टिनाशाचे सुमारे २२,००० रुग्णांत एक असे आढळले. तीव्र वेदना, डोळा पुढे येऊन कठीण होणे व दृष्टी मंदावणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी टाके सोडून व डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्यातील बंध छेदून नेत्रकोटरातील दाब तत्काळ उतरवावा लागतो. दीड-दोन तासांचा विलंबही दृष्टीस घातक ठरू शकतो.

हा रक्तस्राव बहुधा पहिल्या २४ तासांत होतो. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावाहून यवतमाळ वा नागपूर येथे गेलेला रुग्ण त्याच सायंकाळी परतला, तर उपचाराचा मोलाचा वेळ प्रवासातच सरेल. म्हणून पहिली रात्र त्याने शल्यकाच्या जवळच काढावी, डोळ्यांवर घट्ट पट्टी न बांधता दृष्टी वारंवार तपासावी आणि वरील लक्षणे नातेवाइकांस सोप्या मराठीत लिहून द्यावीत.