सातमाशा मुलाचे दूध

सातमाशे मूल जगते, आठमाशे जगत नाही, असे आपल्या वस्त्यांतून अजूनही ऐकू येते. ते खरे नाही. गर्भातला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या पथ्यावरच पडतो. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले मूल नुसते लहान नसते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला सुमारे ३४व्या आठवड्यापर्यंत जमत नाही. तोवर आईने दूध पिळून काढायचे आणि ते नळीने, मग बोंडल्याने किंवा वाटीने त्याच्या पोटात घालायचे. 'पोर अंगावर पीत नाही' म्हणून बाळंतिणीला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पण दूध कोणते? १९९० साली इंग्लंडमधील ल्यूकस आणि कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. केवळ डब्याच्या दुधावरील मुलांत आतडे सडण्याचा जीवघेणा रोग, केवळ मानवी दूध मिळालेल्या मुलांपेक्षा सहा ते दहा पटींनी अधिक आढळला. आईचे दूध कमी पडले तर दुसऱ्या आयांनी दिलेले द्यावे की डब्याचे, याचा प्रयोग अमेरिकेत ४८३ अतिशय लहान मुलांवर झाला. २०२४ साली त्याचे निष्कर्ष आले: हा रोग दात्या आयांच्या दुधावर शेकडा ४.२ मुलांना, तर डब्याच्या दुधावर शेकडा ९ मुलांना झाला. मात्र वजन डब्याच्या दुधावर अधिक वाढले आणि दोन वर्षांच्या सुमारास बुद्धीच्या वाढीत फरक दिसला नाही. म्हणजे दात्या आईचे दूध आतडे राखते, पण त्यात प्रथिने कमी पडतात. अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिने अधिक असतात. अगदी लहानग्यांना तेही पुरत नाही, त्यात पोषक पूड मिसळावी लागते. पण पहिला मान तिच्याच दुधाचा.

मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी निघाली. अशा पेढ्यांत अनेक आयांचे दूध एकत्र करून ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवतात. जिथे पाणवठ्यावरून डोकी फुटली, तिथे एका भांड्यातले दूध कोणाच्याही पोराच्या पोटात जाते आणि पोर जगते. आपल्या लेखकांनी याकडे अजून पाहिलेले नाही.

माझ्या मते सर्वांत मोठा शोध दुधाचा नाहीच. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातील पाच रुग्णालयांतल्या ३,२११ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलाला काचपेटीत आणि आईला दुसऱ्या वॉर्डात ठेवण्याऐवजी जन्मापासूनच तिला मुलाशेजारी खाट दिली आणि मूल तिच्या उघड्या छातीशी ठेवले. २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आले. आईचे जवळ असणे हेच औषध ठरले. मग प्रश्न असा की, कोणाची आई जवळ राहू शकते?

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना, आईची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे, अशी बाजू मांडली. १९२९ चा कायदा कारखान्यांतल्या बायांपुरता झाला. २०१७ पासून कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल दोघांवर असते. बाई मुलाजवळ बसली की खाडा पडतो. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला मोफत जेवण देण्याची योजना २०११ साली आली: साध्या बाळंतपणाला तीन दिवस, पोट फाडून झाले तर सात दिवस. सातमाशे मूल तर तिथे कित्येक आठवडे असते. चौथ्या दिवसापासून त्याच्या आईने काय खायचे आणि कुठे निजायचे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन विचारावे.