विहित आणि निषिद्ध : एका अक्षराचें अंतर

माझ्या परिचयाच्या एका घरांतील वृद्ध गृहस्थांना रक्तदाबाचा विकार जडला. परगांवच्या डॉक्टरांनीं इंग्रजींत पत्र धाडलें. त्यांत मीठ 'प्रोस्क्राइब' केलें होतें. घरच्यांनीं तें 'प्रिस्क्राइब' असें वाचलें आणि मोठ्या निष्ठेनें आजोबांना मीठ घातलेलें लिंबाचें सरबत सुरू केलें! चार दिवसांनीं धाकट्या सुनेनें पत्र पुन्हां वाचलें, म्हणून बरें.

लिहितांना या शब्दांत अंतर काय तें तिसऱ्या अक्षराचें. एकांत 'ई', दुसऱ्यांत 'ओ'. अर्थ मात्र परस्परांच्या उलट. पहिल्याचा 'विहित', दुसऱ्याचा 'निषिद्ध'. गंमत अशी कीं, दोहोंचें मूळ एकच. 'लिहिणें' या अर्थाचा लॅटिन धातु. त्याला 'आधीं' या अर्थाचा उपसर्ग लागला कीं आधीं लिहून ठेवलेला नियम होतो. डॉक्टर औषध 'लिहून देतात' असें आपण म्हणतों, तें याच्या अगदीं जवळचें. दुसऱ्या उपसर्गाचा अर्थ 'सर्वांसमोर'. सर्वांसमोर लिहिणें म्हणजे जाहीर करणें, एवढाच त्याचा प्रारंभींचा निरुपद्रवी अर्थ. मालमत्तेच्या विक्रीची जाहिरात लावणें यालाही तोच शब्द चाले.

त्याला रक्ताचा वास लागला तो रोममध्यें. इ. स. पूर्व ८२ मध्यें सुल्लानें आपल्या शत्रूंच्या नांवांच्या याद्या भर चौकांत लावल्या. यादींत नांव आलें कीं त्या मनुष्यास कोणींही ठार मारावें व बक्षीस न्यावें. त्याची मालमत्ता सरकारजमा होऊन लिलांवांत विकली जाई. मुलांनातवंडांना अधिकारपदें बंद. इ. स. पूर्व ४३ मध्यें अशाच दुसऱ्या यादीनें विख्यात वक्ता सिसेरो याचा बळी घेतला. पुढें इंग्रजींत या शब्दाला 'बंदी घालणें' हा अर्थ आला, त्याच्यामागें ही पाटी उभी आहे.

आपल्याकडे ब्रिटिश अमदानींत सरकारनें बंदी घातलेल्या पुस्तकांना हेंच विशेषण लावीत. सावरकरांच्या सत्तावनच्या ग्रंथावर १९०९ मध्यें बंदी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. विद्यापीठानें नेमलेलें पुस्तक 'प्रिस्क्राइब्ड', सरकारनें बंद केलेलें 'प्रोस्क्राइब्ड'. आणि तरुण मंडळी रात्रीं जागून वाचीत, तें बहुधा दुसरें!

पण इंग्रजीला हंसण्याचें आपल्याला कारण नाहीं. संस्कृतांत 'पथ्य' म्हणजे हितकर आहार. मराठींत मात्र 'आजोबांना मिठाचें पथ्य आहे' असें म्हटलें कीं मीठ वर्ज्य! त्या डॉक्टरांनीं एवढें एक वाक्य मराठींत लिहिलें असतें, तर सरबताचा पेला कोणी पुढें केला नसता.