पोटातला पिढीजात भाडेकरू

सप्टेंबर १९९१मध्ये आल्प्सच्या डोंगरात, इटली-ऑस्ट्रिया सीमेवर, भटकंतीला निघालेल्या जोडप्याला बर्फात रुतलेलं एक प्रेत दिसलं. तो माणूस तब्बल ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला! ‘ओत्झी’ असं त्याचं नाव पडलं. त्याचं जठर मात्र कित्येक वर्षं सापडतच नव्हतं. ते वर सरकून बरगड्यांखाली दडलं होतं. सापडलं तेव्हा आतलं अस्तर नष्ट झालेलं, पण शेवटचं जेवण, रानबकऱ्याचं मांस आणि गहू, जागेवर होतं. बोल्झानोच्या फ्रँक माइक्सनर आणि सहकाऱ्यांनी त्यातून ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूचा जनुकसंच जुळवला.

हा तोच जंतू, जो पर्थच्या बॅरी मार्शल यांनी १९८४मध्ये मुद्दाम पिऊन जठरदाह ओढवून घेतला आणि ज्याच्या शोधासाठी त्यांना व रॉबिन वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या जठरात तो राहतो. तो लागतो बहुधा लहानपणी, घरातल्याच माणसांकडून. म्हणजे पागडीच्या खोलीसारखाच, वारसाहक्कानं चालत आलेला. शिवाय त्याची जनुकं माणसाच्या जनुकांपेक्षा फार वेगानं बदलतात, आणि एका पोटात दोन वाण भेटले की आपसांत तुकडेही बदलून घेतात. म्हणून माणसांच्या वाटचालीचा माग त्याच्यात बारकाईनं वाचता येतो. पूर्व आफ्रिकेपासून जसजसं दूर जावं तसतसं त्याचं वैविध्य घटत जातं. माणसाचंही अगदी तसंच. सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी तो आपल्याबरोबरच तिथून बाहेर पडला, असं २००७मध्ये मांडलं गेलं.

आजच्या युरोपीय पोटातला वाण आशियाई आणि आफ्रिकी वाणांच्या मिश्रणातून आलेला. २०१६मध्ये जाहीर झालेला ओत्झीचा जंतू मात्र जवळजवळ निव्वळ आशियाई होता. त्याचे जवळचे भाऊबंद आज मध्य आणि दक्षिण आशियात, भारतातही, आढळतात. आफ्रिकी मिसळण बहुतांशी ओत्झीनंतरची असावी. एका पोटावरून खंडाचा इतिहास लिहिणं धाडसाचंच, पण दुसरं पोट आणायचं कुठून?

लडाखमध्ये याच जंतूनं आणखी बारीक भेद दाखवले. तिथल्या बौद्ध आणि मुस्लिम समाजांत माणसांची जनुकं तपासून फरक जेमतेमच हाती लागत होता. जंतूंनी तो स्पष्ट दाखवला: बौद्धांच्या पोटात तिबेटी भाषकांच्या आगमनाच्या खुणा, मुस्लिमांच्या पोटात मूळ लडाखी वाणाचा मोठा अंश, आणि काहींच्यात पश्चिमेकडून आलेला.

कुठलं पोट आणि कुठला जंतू, या जोडीला वैद्यकीय अर्थही आहे. कोलंबियात पॅसिफिक किनाऱ्यावरचं तुमाको आणि अँडीज डोंगरातलं तुकेरेस ही एकाच प्रांतातली गावं. दोन्हीकडे बहुतेकांना हा संसर्ग असतो, तरी जठराचा कर्करोग डोंगरात सुमारे पंचवीसपट. २०१४च्या अभ्यासात दिसलं, की आफ्रिकी वंशाच्या पोटात आफ्रिकी वंशाचा जंतू बराच शांत राहतो. तोच मूळ अमेरिकी वंशाच्या पोटात शिरला की जठराची हानी कितीतरी गंभीर होते.